नांदगावचा पाळणा

मी वर गेलो होतो तो तक्रार करायला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे काही घडलं त्यावरून सोसायटीत असा समज पसरला आहे की कोठावदे सर मनाने फार हळवे आहेत आणि त्यांना लहान मुलांची पहिल्यापासून आवड आहे. मी उभी हयात आठवी ते दहावीला गणित शिकवण्यात घालवली. लहान मुलांची आवड असलेला माणूस तिथे टिकत नाही.

नाशिकला गंगापूर रोडवर आमची जुनी तीन मजली सोसायटी आहे. लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर मी आणि माझी बायको पल्लवी, आणि बरोब्बर आमच्या डोक्यावर शाहनवाज, नाझिया आणि त्यांचा पाच महिन्यांचा इसाक. हा इसाक दिवसा अत्यंत गुणी मूल. जिन्यात भेटला की ओळख असल्यासारखा हसायचा. रात्री मात्र तो दर थोड्या वेळाने उठायचा, आणि आपण उठलो आहोत हे सगळ्यांना कळवायचा. आवाज असा की स्लॅबमधून गाळून खाली आला तरी ताजाच. त्यामागोमाग शाहनवाजच्या चपलांची फटफट, इकडून तिकडे, तिकडून इकडे. मी उताणा पडून त्या फेऱ्या ऐकायचो. एक दिवस वर्गात मी फळ्यावर त्रिकोणाला चार कोन दिले आणि मुलांनी ते मुकाट्याने वहीत उतरवून घेतले. तेव्हा ठरवलं, आता वर जाऊन बोलायलाच हवं.

वाक्य तयार करून गेलो होतो. सौम्य पण ठाम, शेजारधर्म सांभाळून नागरी कर्तव्याची आठवण करून देणारं. बेल वाजवली. नाझियाने दार उघडलं. केस कसेबसे बांधलेले, कुर्ता उलटा घातलेला, खांद्यावर इसाक. मी तोंड उघडणार एवढ्यात आतून दूध उतू गेल्याचा वास आला. "सर, जरा धरता?" म्हणत तिने बाळ माझ्या हातात दिलं आणि ती आत पळाली.

इसाकने आधी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खिशातल्या पेनाकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावर दुधाची गुळणी टाकली. नाझिया परत आली तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते दुधासाठी नव्हतं हे माझ्यासारख्या माणसालाही कळलं. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. बाळंतपणाची रजा संपत आली होती.

"सर, मला एक तारखेला रुजू व्हायचंय," ती म्हणाली. "अशा डोळ्यांनी मी कुणाची शुगर कुणाच्या नावावर टाकीन. त्यापेक्षा राजीनामा देऊन टाकते."

माझं तयार वाक्य घशातच राहिलं. त्याच्या जागी भलतंच वाक्य बाहेर आलं. मी म्हणालो, "आमच्या सासुरवाडीला एक पाळणा आहे. त्यात निजवलेलं मूल रात्रीचं उठत नाही."

हे मी ऐकून होतो. लग्नाच्या पंगतीत सासऱ्यांनी अभिमानाने सांगितलं होतं. अस्सल सागवानी, चार पायांच्या सांगाड्यात टांगलेला, पल्लवीसकट तिची सगळी चुलत भावंडं त्यात वाढलेली. खाली आलो तर पल्लवीने विचारलं, बोललात का. म्हटलं, बोललो. मग सगळंच सांगितलं. तिने ओल्या फडक्याने माझा खांदा पुसला आणि एवढंच विचारलं, तो पाळणा सध्या कुठे आहे हे तुम्हाला माहीत आहे का. मला माहीत नव्हतं.

सोसायटीत मात्र 'इसाकचं काम सर बघतायत' ही बातमी माझ्या आधी तळमजल्यावर पोचली. थेट वर जाऊन त्या तरुण जोडप्याला सल्ला द्यायला लोकांना संकोच वाटत होता. मला द्यायला कुणालाच वाटत नव्हता. पहिल्या मजल्यावरच्या पिंगळेकाकूंनी मला भाजीच्या गाडीपाशी गाठलं आणि बाळाच्या टाळूवर तेल कसं जिरवायचं याचं प्रात्यक्षिक माझ्याच टाळूवर करून दाखवलं, कारण तिथे केसांचा अडथळा नव्हता. भाजीवालाही मेथी निवडायची थांबवून बघत होता. तिसऱ्या मजल्यावर शाहनवाजच्या समोर राहणारे आमचे सेक्रेटरी बोरस्तेसाहेब मोबाइलमधलं होकायंत्र घेऊन आले आणि बाळाचं डोकं दक्षिणेला आहे ना, एवढी खात्री मी करून घ्यावी असं म्हणाले. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी मिक्सर चालू असल्यासारखा एक आवाज मोबाइलवर पाठवला. म्हणे या आवाजात परदेशातली मुलं गाढ झोपतात. नाझियाने तो लावून पाहिला. इसाक झोपला नाही. शाहनवाज झोपला, आणि असा झोपला की अंबडच्या कंपनीतून फोन आला तेव्हा जागा झाला. मालेगावहून त्याच्या आईचा, अनवरीबाईंचा निरोप आला, की नजर लागली आहे. खालच्या मास्तरांना सांगा, बच्चे को एकटक मत देखा करें. मी त्या मुलाला आयुष्यात एकदाच नीट पाहिलं होतं, आणि त्यात नुकसान माझ्या शर्टाचं झालं होतं.

मध्यंतरी नाझिया डॉक्टरकडेही जाऊन आली. डॉक्टर म्हणाले, बाळ ठणठणीत आहे, वजन छान आहे, या वयात पुष्कळ मुलं उठतात. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या क्रमाने निजवा, दिवा मंद ठेवा, धुरी आणि जायफळ नको, पाळण्यात उशा-गोधड्या कोंबू नका, बाळाला उताणं निजवा, आणि घरातल्या मोठ्यांनी आळीपाळीने झोपून घ्या. सल्ला इतका साधा होता की तो कुणी मनावर घेतला नाही.

मी नांदगावला मेहुण्याला, दिनेशला फोन लावला. त्याचं बाजारपेठेत कापडाचं दुकान आहे. पाळणा पोटमाळ्यावर होता. त्यात सध्या आकाशकंदिलाचे सांगाडे आणि एक बंद पडलेला टेबलफॅन निजला होता. मी म्हटलं, पाठवून दे. दिनेश जरा घुटमळला. मग कळलं ते असं, की सासऱ्यांच्या भावांमध्ये वाटण्या झाल्या तेव्हा घर वाटलं, दुकान वाटलं, पाटा-वरवंटासुद्धा वाटला. पाळणा मात्र कुणाच्या वाट्याला घालायचा यावर एकमत होईना म्हणून तो सामाईक राहिला. अजूनही सामाईकच आहे. तो हलवायचा तर सगळ्या घरांची संमती लागणार.

मी शासनाकडून शाळेच्या नव्या वर्गखोलीची मंजुरी आणलेला माणूस आहे. त्यापुढे हे काय, असं मला वाटलं. त्या कामात निदान शिपायाशी तरी ओळख होती. इथे एक चुलत सासरे म्हणाले, आमच्या नातीचे दिवस भरत आलेत, त्याआधी परत मिळेल असं लेखी द्या. दुसऱ्यांना पाळण्याचा फोटो हवा होता, कारण त्याला डावीकडे मोर आहे की पोपट यावरून त्यांचा बायकोशी जुना वाद होता. सर्वांना एकदम कळावं म्हणून दिनेशने व्हॉट्सॲपवर एक ग्रुप काढला. त्याला नाव दिलं 'पाळणा' आणि मला व पल्लवीला त्यात ॲडमिन केलं. संध्याकाळपर्यंत लांबलांबच्या नातेवाइकांनी आम्हाला अभिनंदनाचे निरोप पाठवले. सुरगाण्याच्या आश्रमशाळेत मुख्याध्यापक असलेल्या एका साडूंनी तर 'या वयात धाडस केलंत' असं लिहून पुढे हात जोडले. पल्लवी दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली.

शेवटी राहिल्या मनमाडच्या थोरल्या काकू. त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी फोनवर विचारलं, बाळ कुणाचं. मी सांगितलं, वरच्या मजल्यावरच्यांचं. नाव विचारलं. नाव सांगितलं. आता नकार येणार म्हणून मी पुढचं वाक्य जुळवू लागलो.

"इसाक?" काकू म्हणाल्या. "आपल्या दुकानाच्या ओट्यावर इसाकभाई शिंपी बसायचे. पल्लवीची, दिनेशची, सगळ्यांची झबली त्यांनीच शिवली. कापड आपलं आणि शिलाई कधी घेतली नाही त्यांनी. नेऊ दे पाळणा. आणि परत द्यायची घाई करू नका म्हणावं."

नांदगाव सुटलं. आता आमची सोसायटी. बोरस्तेसाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या हाताखालून धरणांचे कागद गेलेले. ते म्हणाले, नियमाप्रमाणे जड फर्निचर फक्त रविवारी सकाळी आणि लेखी अर्जानेच आणता येतं. मी म्हटलं, पाळणा हे फर्निचर नाही. ते म्हणाले, मग काय आहे? हलतो म्हणजे वाहन म्हणायचं का? तसं असेल तर पार्किंगचा प्रश्न येईल. मी निमूटपणे फर्निचर म्हणून अर्ज लिहिला. त्यांनी मापं मागितली. इथे मात्र मी माझं पाणी दाखवलं. दिनेशकडून लांबी, रुंदी, उंची मागवली, गेट मोजलं, जिन्याचं तोंड मोजलं, शाहनवाजच्या घराचं दार मोजलं आणि आलेख कागदावर प्रमाणबद्ध आकृती काढून दिली. पाळणा सगळीकडून सहज आत येत होता. बोरस्तेसाहेबांनी आकृतीवर मान डोलावत सही केली. एवढं नीटस काम खात्यातही पाहिलं नव्हतं, असंही म्हणाले.

जिन्याचं वळण मी मोजलं नव्हतं.

रविवारी गोटीरामचा टेम्पो आला. नांदगावहून नाशिकला माल आणणारा हा माणूस सतत घाईत असतो. पाळणा उतरवला तेव्हा सोसायटी गॅलरीत जमली. देखणं प्रकरण होतं ते. कोरीव खांब, पितळी कड्या, वर आडवा दांडा. डावीकडे मोर होता की पोपट, हे बघूनही कळेना. खालून गोटीराम आणि शाहनवाज, वरून उलट्या पावलांनी मी, असे आम्ही निघालो. पहिला मजला आला. वळण घेतलं. आणि कुठेतरी कर्र असा आवाज झाला.

पाळण्याचा एक पाय कठड्याच्या जाळीत गेला होता, दुसरा भिंतीत रुतला होता आणि वरचा दांडा वरच्या जिन्याच्या पोटाला भिडला होता. पुढे जाईना, मागे येईना. थोडं तिरपं घ्या, असं पिंगळेकाकू म्हणाल्या. थोडं तिरपं घ्या, असं गॅलरीतून कुणीतरी म्हणालं. अडकलेल्या वस्तूला माणसं एवढा एकच उपाय सांगतात आणि तो सांगताना मानही तिरपी करतात. आम्ही तिरपं घेतलं. आता तो तिरपा अडकला. महत्प्रयासाने पुन्हा सरळ केला, तर पहिल्यापेक्षा पक्का बसला. पिंगळेकाकूंनी घरातून खोबरेल आणून पायांना चोळलं. त्यानंतर पाळणा अडकलेलाच राहिला, फक्त आमचे हात निसटायला लागले. गोटीरामने घड्याळ पाहिलं. वस्तू दारापर्यंत पोचवायचं ठरलं होतं आणि हेही कुणाचं तरी दारच आहे, असं म्हणून तो निघून गेला. ते दार पिंगळेकाकूंचं होतं, आणि ते आता अर्धंच उघडत होतं.

तेवढ्यात हातात मटाराची पिशवी घेऊन बोरस्तेसाहेब खालून आले. त्यांचं घर वर, आणि मध्ये मी मंजूर करून घेतलेलं फर्निचर. सामाईक मार्ग अडवल्याबद्दल नोटीस काढावी लागेल, असं ते म्हणाले. आग लागली तर जबाबदार कोण, असंही त्यांनी विचारलं. शाळेत चार कोनांचा त्रिकोण काढला तेव्हाही मला इतकं लाजिरवाणं वाटलं नव्हतं. गॅलरीतून कुणीतरी म्हणालं, गणिताच्या सरांनी मोजलं होतं ना? मी उत्तर दिलं नाही. काही प्रश्नांना उत्तर न देणं हेच बरं, असं मी मुलांना परीक्षेत सांगत आलो आहे.

या गोंधळाने वर इसाक उठला. नाझिया त्याला घेऊन माझ्या मागच्या पायरीपर्यंत उतरून आली. रात्रभर तिने त्याला खांद्यावर घेतलं असणार. इसाक जीव तोडून रडत होता. ती पाळण्याकडे, आमच्याकडे, पुन्हा पाळण्याकडे बघत राहिली. मग पायरीवर बसली आणि तिने इसाकला त्या अडकलेल्या पाळण्यात उताणं ठेवून दिलं.

सांगाडा अडकला होता. पाळणा मोकळाच होता. मी पायरीवर टेकून दोरी ओढली तसा तो झुलला.

इसाक रडायचा थांबला. आता काहीतरी म्हणायला हवं होतं. अंगाई मला एकही येत नाही. आमच्या घरी ते खातं पल्लवीचं होतं. मला जे तोंडपाठ येतं ते मी हळू आवाजात सुरू केलं. बे एके बे. बे दुणे चार. इसाक माझ्याकडे गंभीरपणे बघत होता. सातच्या पाढ्याला त्याने मूठ सोडली. बाराला जांभई दिली. सतराच्या पाढ्यात, जिथे आमची दहावीची मुलंही मान टाकतात, तिथे त्याने डोळे मिटले.

मी मागे वळून नाझियाला खुणेने सांगायला गेलो, तर तिचं डोकं भिंतीला टेकलं होतं आणि ती झोपली होती. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर पडलेले. पाळण्याच्या पलीकडे उभ्या शाहनवाजने ते पाहिलं आणि दुसरीकडे मान वळवली.

बोरस्तेसाहेबांनी नोटिशीचं पुढचं वाक्य सुरू करायला तोंड उघडलं. दुसऱ्या मजल्यावरून पल्लवी खाली उतरत होती. तिने ओठांवर बोट ठेवलं. वार्षिक सभेत ज्यांना आजवर कुणी थांबवू शकलं नव्हतं ते बोरस्तेसाहेब थांबले.

माझा फोन खिशात थरथरला. दिनेश होता. कुजबुजत त्याला सगळी परिस्थिती सांगितली. तो म्हणाला, "दाजी, अडकायचं काय त्यात? खुंट्या काढा ना. सगळा सुटा होतो तो. आम्ही पोटमाळ्यावरून खाली कसा आणला असेल?"

मी पाहिलं. दांड्याच्या टोकांना लाकडी खुंट्या होत्या. पायांनाही होत्या. त्यातल्या एका खुंटीला धरूनच मी सकाळपासून पाळणा ओढत होतो. शाहनवाजला खुणेने दाखवल्या. त्याचा चेहरा उजळला. त्याने खुंटीला हात घातला.

"कुणी हात लावायचा नाही," पल्लवी अगदी हळू म्हणाली. "ती झोपली आहे."

ती, असं म्हणाली. तो नाही.

मग आम्ही थांबलो. किती वेळ, ते कुणी मोजलं नाही. पिंगळेकाकूंच्या कुकरची पहिली शिट्टी व्हायच्या आत त्यांनी धावत जाऊन गॅस बंद केला. बोरस्तेसाहेबांनी काकूंच्याच घरी बसून मटार सोलले आणि तिथेच जेवले. त्यांची जेवणाआधीची गोळी त्यांच्या बायकोने तिसऱ्या मजल्यावरून पिशवीला दोरी बांधून गॅलरीत सोडली. कुरिअरवाला आला, त्याला शाहनवाजने गेटवरच मिठी मारल्यासारखं थोपवलं. मी दोरी ओढत राहिलो. पाय बधिर झाले, एकोणतिसापर्यंतचे पाढे संपले, मग पावकी-निमकी सुरू केली. पल्लवीने मला बसल्या जागी वरणभाताचे दोन घास भरवले. लग्नानंतर असा प्रसंग प्रथमच आला होता, पण तो उपभोगायच्या अवस्थेत मी नव्हतो.

नाझिया जागी झाली तेव्हा जाळीतलं ऊन भिंतीवरून पार निघून गेलं होतं. आपण कुठे आहोत हे तिला कळेना. तिने आधी पाळण्यात वाकून पाहिलं, मग आम्हाला सगळ्यांना पाहिलं, आणि चटकन ओढणी सावरत विचारलं, "सर, किती वाजले?"

"काही वाजलेलं नाही," पल्लवी म्हणाली. "अजून झोपायचं असेल तर झोप."

पाळणा सुटा करून वर गेला आणि त्या रात्री इसाक नेहमीसारखाच उठला. सासरे पंगतीत थोडं वाढवून बोलले होते, हे त्या दिवशी मला कळलं. पण पल्लवीने आता सूत्रं हातात घेतली होती. तिला डॉक्टरांचं ते साधं बोलणं आठवलं, मोठ्यांनी आळीपाळीने झोपायचं. पहाटेची पाळी आमची. उजाडायच्या आधी शाहनवाज इसाकला आमच्याकडे आणून द्यायचा आणि नाझिया ऊन वर येईपर्यंत झोपायची. रात्री ठरलेल्या वेळी तेल, अंघोळ, दूध, मंद दिवा, पाळणा. पाढे शाहनवाज शिकला. त्याचा तेराचा अजून कच्चा आहे. इसाक हळूहळू कमी वेळा उठू लागला. एक तारखेला नाझिया कामावर गेली आणि आजतागायत कुणाची शुगर कुणाच्या नावावर गेलेली नाही.

श्रेय मात्र वाटून संपेना. पिंगळेकाकू म्हणतात तेलाने झालं. बोरस्तेसाहेब म्हणतात दक्षिणेने. अनवरीबाई मालेगावहून येऊन दृष्ट काढून गेल्या, आणि मास्तर आता मुलाकडे बघून मान खाली घालतात म्हणून फरक पडला असं त्यांचं मत आहे. नांदगावच्या ग्रुपवर तर पाळण्याचा जयजयकार चालू आहे.

आणि मग एक रात्र अशी आली की मी आपोआप जागा झालो. वर आवाज नव्हता. रडणं नाही, चपला नाहीत. शेजारी पल्लवीचेही डोळे उघडे होते. काही ऐकू आलं का, तिने विचारलं. नाही म्हटलं. मलाही नाही, ती म्हणाली. आम्ही दोघं छताकडे बघत पडून राहिलो. शाहनवाज इसाकला घेऊन यायची वेळ झाली. तो आला नाही. फटफटलं तेव्हा मला राहवेना. चपला न घालता वर गेलो.

शाहनवाजच्या दाराला कान लावून, माकडटोपी घालून बोरस्तेसाहेब आधीच उभे होते. मला पाहून त्यांनी खांदे उडवले. पाठोपाठ पिंगळेकाकू शाल लपेटून जिना चढून आल्या. कशाला आलात, असं कुणी कुणाला विचारलं नाही. बेल वाजवायची कुणाची छाती होईना. तिघेही दारासमोर श्वास रोखून उभे राहिलो.

दार आतून उघडलं. दुधाची पिशवी घ्यायला शाहनवाज अर्धवट झोपेत बाहेर वाकला आणि समोर आमचे सहा पाय पाहून दचकून एवढ्या मोठ्यांदा ओरडला की आत इसाक जागा झाला आणि त्याने टाहो फोडला. चांगला, भरघोस, पूर्वीसारखा.

"आहे," पिंगळेकाकू म्हणाल्या.

"आहे, आहे," बोरस्तेसाहेब म्हणाले आणि त्यांनी माकडटोपी काढली.

आम्ही तिघेही निश्चिंत मनाने आपापल्या घरी गेलो आणि गाढ झोपलो.